सातव्या टेपमधला टिक

४ ऑक्टोबर, शनिवार

लेकी, आधी डोक्यावर हात फिरव. चष्मा तिथेच आहे. आता तो डोळ्यांवर घे आणि वाच.

ही वही तुझ्या विसराळूपणापायी सुरू केली आहे, हे तू एव्हाना विसरली असशील म्हणून पुन्हा सांगते. मागच्या महिन्यात मी फोनवर म्हणाले होते, जाड कापडाला सुई बदल. तू म्हणालीस, असं तू सांगितलंच नाहीस. मी म्हणाले, सांगितलं. अर्धा तास त्यात गेला आणि सुई होती तीच राहिली. तेव्हाच ठरवलं, आता बोलायचं ते लिहून ठेवायचं. मला अक्षर येत नाही, एवढं तरी तुझ्या लक्षात असावं. म्हणून मी बोलते आणि तुझी वहिनी टाइप करते. ती दिवसभर कचेरीत साहेबांचं ऐकून टाइप करते आणि घरी आल्यावर चहा होईपर्यंत माझं. एरवी मी तिला अगं-तुगं करते, पण लॅपटॉप उघडून बसली की ती टायपिस्टबाई, आणि मग अहो-जाहो. साहेब शिंकले तर तेही कागदावर उतरवतात अशी टायपिस्टबाईंची ख्याती आहे. मी बजावलं आहे, माझ्या तोंडून पडेल ते जसंच्या तसं, सुधारणा नको.

[सुधारत नाही. स्वल्पविराम तेवढे माझे. – टायपिस्ट]

बघ, पहिल्याच दिवशी मध्ये तोंड घातलं.

तर आज सकाळी तुझा फोन आला. तुझ्या गावातल्या शिलाई कारखान्यात एक मशीन आहे, थोडी शिवण झाली की दोरा तोडते. तीन मेकॅनिक हात टेकून गेले, चौथी तू. मुकादम तुला म्हणाला, पंचवीस तारखेपर्यंत ही बरी करून दाखवा, मग एकशे दहा मशिनींची वर्षभराची देखभाल तुमच्याकडे. तू सांगत होतीस तेव्हा आवाज वरून खूश होता आणि खालून थरथरत होता. दोन्ही ऐकू आलं मला. शेवटी म्हणालीस, "आई, आपल्या टेपा पाठव ना."

टेपा म्हणजे काय, हे टायपिस्टबाईंना आज पहिल्यांदा सविस्तर सांगितलं. आपलं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा तुझ्या बाबांचे हात आणि माझे कान. मशीन आली की ते चाक हळूहळू फिरवायचे, मी डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, हिचं अमुक दुखतंय. बाबा प्रत्येक दुखणं वहीत लिहायचे. त्या वहीचा मला काय उपयोग? मी माझी वही टेपरेकॉर्डरवर ठेवली. आजारी मशीन टेबलावर, रेकॉर्डर शेजारी आणि वरून माझा आवाज: "ही काळी मशीन. दोरा तुटायचा. नीट ऐका." अशा एकोणीस टेपा भरल्या. तू इथून गेलीस तेव्हा त्या न्यायच्या होत्यास. विसरलीस. दिवाणाखालून काढून दारात ठेवल्या होत्या, तरी विसरलीस. त्यांना अडखळून बाहेर पडलीस आणि तरी विसरलीस.

६ ऑक्टोबर, सोमवार

काल रविवारी टायपिस्टबाईंनी जुन्या टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपला जोडली आणि टेपा आत ओतायला घेतल्या. एक टेप आत जायला एक टेपभर वेळ लागतो, हे ऐकून मला बरं वाटलं. इतकं सगळं झटपट झालंय, पण ऐकण्याला अजून ऐकण्याएवढाच वेळ लागतो.

आत गेल्यावर कळलं, एकेक टेप सहाशे एमबीची. एमबी म्हणजे काय ते मी विचारलं. टायपिस्टबाई म्हणाल्या, वजन समजा. तुझ्या खोलीत नेटची एकच रेघ येते आणि तीही खिडकीत उभं राहिल्यावर. तिथे एवढं वजन पोचायचं नाही. "मग टेपाच पार्सल करू," त्या म्हणाल्या. मी साफ नाही म्हणाले. तू त्या बसच्या सीटवर ठेवशील आणि उतरशील.

मग त्यांनी एक साइट उघडली. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. पांढऱ्या पानावर तुटक रेघांचा चौकोन. फाइल उचलून त्या चौकोनात सोडायची, विहिरीत बादली सोडावी तशी. खाली एक पट्टी, तिच्यावर एक टिकली. टिकली डावीकडे नेली की फाइल लहान, उजवीकडे नेली की मोठी. बटण दाबलं की हिरवी रेघ भरत जाते आणि शेवटी सहाशेची फाइल वीसची होऊन बाहेर पडते.

"आणि बाकीचे पाचशे ऐंशी?" मी विचारलं.

"ते टाकून दिलं."

"काय टाकलं?"

"माणसाच्या कानाला ऐकू येत नाही ते."

"कुठल्या माणसाच्या?"

"सर्वसाधारण माणसाच्या, आई."

"सर्वसाधारण माणूस शिलाई मशिनी ऐकत बसतो का?"

"नाही बसत."

"आणि टाकलेलं जातं कुठे?"

"कुठेच नाही."

हे मला पटलं नाही. कपड्याची चिंधीसुद्धा टेबलाखाली सापडते. पाचशे ऐंशी एमबी कुठेच नाही म्हणजे काय? मी टेबलाखाली बघितलं. त्या हसल्या. मग मी विचारलं, की लहान केल्यावर चूक कळली आणि टिकली परत उजवीकडे नेली तर?

"नाही होत. एकदा टाकलेलं परत येत नाही. म्हणून मूळ जपून ठेवायचं."

इतकं बोलून त्या धावत स्वयंपाकघरात गेल्या. किटलीतलं पाणी आटून बूड काळं झालं होतं. ही किटली गेल्या वर्षापासून मुकी झाली आहे, शिट्टीच वाजवत नाही. दुसरी आणा म्हणून मी कितीदा सांगितलं. तुझा भाऊ आणि वहिनी एकमेकांकडे बघतात आणि विषय बदलतात. एवढीही चिंगूस माणसं नव्हती ही.

८ ऑक्टोबर, बुधवार

ते साइटवरचं टूल चोर आहे. पकडलं मी त्याला.

सगळ्या टेपांत मला सातवी महत्त्वाची वाटत होती, कारण त्या काळ्या मशिनीचाही दोरा तुटायचा. तिच्यात एक टिक आहे. बारीक. फरशीवर मणी पडावा तसा, तोही दुसऱ्या खोलीत. तो टिक ओळखायला मला त्या वेळी चार दिवस लागले होते आणि बाबांना तर शेवटपर्यंत तो नीट ऐकू आला नाही. "तू म्हणतेस म्हणजे असेल," म्हणायचे आणि पेचकस उचलायचे.

आज लहान केलेली सातवी टेप लावली. चाकाची घरघर आहे. सुई कापडात शिरते तो धप आहे. माझा आवाज आहे, काय कडक आवाज होता गं माझा. टिक नाही.

"गेला," मी म्हणाले. "सर्वसाधारण माणसाने टिक खाल्ला."

टायपिस्टबाईंनी टिकली थोडी उजवीकडे नेली आणि नवी फाइल काढली. नाही. आणखी उजवीकडे. नाही. अगदी टोकाच्या जरा अलीकडे. तरी नाही. दर वेळी त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि मग माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला नक्की येत नाही ऐकू?"

"चाळीस वर्षं त्या आवाजावर पोट भरलंय. असता तर आला असता."

त्या काहीच बोलल्या नाहीत. वादात हरली की माणसं अशीच गप्प होतात. मला जरा वाईट वाटलं, म्हणून म्हणाले, "तुझी चूक नाही, टूलच तसं आहे." त्या म्हणाल्या, "लिहायचं का हे?" मी म्हणाले, ठळक अक्षरांत.

[ठळक केलेलं नाही. – टायपिस्ट]

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज विशेष काही नाही. खिडकीत चिमण्या येतात, दाणे टिपतात, चोच उघडतात, मिटतात, पण चिवचिवत नाहीत. यंदाच्या चिमण्या घुम्या निघाल्या. दाराची नवी बेलही बिघडली असावी, शेजारीण दहा मिनिटं बाहेर उभी होती म्हणे.

टायपिस्टबाई आज माझ्याशी बोलताना सारख्या समोर येऊन उभ्या राहतात. वाटेत उभं राहायची ही नवी खोड कुठून लागली कळत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

तुझ्या कारखान्यातल्या मशीनचा आवाज आला. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मशिनी बंद असताना तू चाक हाताने हळूहळू फिरवून रेकॉर्ड केलास, हे चांगलं केलंस. असं करायचं हे मी कधी शिकवलं होतं, तुला आठवत नसेल.

मी तीन वेळा ऐकला. घरघर स्वच्छ, धप स्वच्छ. टिक नाही. मग हिशेब सोपा आहे. खाली हुक असतो, तो दोरा पकडून फिरवतो. टिक नसेल तर खालचं सगळं निरोगी. दुखणं वर आहे. दोऱ्याला ताण देणाऱ्या त्या दोन चकत्या असतात ना, त्यांच्यात घाण बसली असणार, नाहीतर दोऱ्याच्या वाटेवर कुठेतरी खाच पडली असणार. वरचं सगळं सोड, पूस, बदल.

फोनवर हे सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "नक्की ना आई? टिक नाहीच?"

"नाही म्हणजे नाही," मी म्हणाले.

"बरं. तू म्हणतेस म्हणजे नसेल."

बाबांसारखीच बोललीस अगदी. बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बरं वाटायचे दिवस संपले. तुझा फोन आला. दोन दिवस लावून वरचं सगळं सोडलंस, चकत्या बदलल्यास, दोऱ्याची वाट घासून गुळगुळीत केलीस. मुकादम येऊन उभा राहिला. चालू केलीस आणि अर्ध्या बाहीवर दोरा तुटला. मुकादम काही बोलला नाही, घड्याळ बघून निघून गेला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, "तू मला लहान केलेला आवाज पाठवलास. टिक वाटेत गळाला."

"आई, मी एक एमबीसुद्धा कमी केला नाही. रात्रभर खिडकीत फोन टांगून पाठवलाय."

"मग तुझा फोन चांगला नाही."

"फोन नवा आहे."

"नव्यांचंच काही सांगू नकोस मला. नवी बेल बघ आमची."

तू फोन ठेवलास. मीही ठेवला, पण तू आधी ठेवलास हे लिहून ठेवते.

जेवण गेलं नाही. टायपिस्टबाई म्हणाल्या, कानात मळ साठला असेल, एकदा दाखवून येऊ का? मी म्हणाले, मळ टूलच्या कानात आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज टायपिस्टबाई कचेरीत असताना मी स्वतः टेपरेकॉर्डर काढला. मला बटणं वाचता येत नाहीत, पण कुठलं दाबलं की काय होतं हे बोटांना माहीत आहे. सातवी टेप मी डब्यावरच्या लाल दोऱ्याने ओळखते. दोऱ्याच्या सात गाठी.

ही टेप कुठल्याही चौकोनातून गेलेली नाही. हिच्यातलं काही कुणी टाकलेलं नाही. ही मूळ.

लावली. घरघर. धप. माझा आवाज: "ही काळी मशीन. दोरा तुटायचा. नीट ऐका. मी दाखवते." आणि मग मी हळूच म्हणते, "हा-हा." पुन्हा धप. "हा-हा." पुन्हा धप. "हा-हा." टिक आला की मी तसं म्हणत होते, पुढे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून.

"हा-हा" आहे. त्याच्या खाली काहीच नाही.

मी टेप उलटून बघितली. फडक्याने धूळ पुसून पुन्हा लावली. कान रेकॉर्डरच्या जाळीला टेकवून बसले. टूल या टेपच्या आत कसं शिरलं, याचा विचार करत चहाची वेळ निघून गेली. टायपिस्टबाई आल्या तेव्हा मी तशीच बसलेली. त्यांनी पर्सही खाली ठेवली नव्हती. मी म्हणाले, "इकडे ये. बस. काय ऐकू येतं सांग."

ती ऐकत राहिली. "घरघर. धप. तुम्ही 'हा-हा' म्हणता. आणि टिक-टिक."

"टिक-टिक?"

"हो. तुमच्या प्रत्येक 'हा'बरोबर एक."

"आणि लहान केलेल्या फाइलीत?"

"अगदी लहान केलेली ना, तिच्यात नव्हता. बाकी सगळ्यांत होता, कुठे पुसट, कुठे स्पष्ट."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या ठामपणे म्हणालात, मला वाटलं माझ्याच मनाचा खेळ आहे. मी कुठे चाळीस वर्षं ऐकलंय?" मग जरा वेळाने म्हणाली, "आई, किटली मुकी नाही हो."

मी खिडकीकडे बघितलं. चिमण्या नव्हत्या. असत्या तरी काय.

तिने विचारलं, हे वहीत घ्यायचं का? मी म्हणाले, साहेबांची शिंक घेतेस, तर हेही घे. फक्त ही पानं लेकीला लगेच पाठवू नकोस. आधी मला तिच्याशी बोलायचं आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

टायपिस्टबाईंनी आज रजा टाकली. मी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, साहेबांना एक दिवस स्वतःच्या हाताने लिहू दे.

सकाळी सकाळी एक गोष्ट सुचली. टिक गेला असेल, पण धप कुठे गेलाय? धप मला अगदी चांगला ऐकू येतो. टायपिस्टबाईंना टिक येतो. म्हणजे दोघींचा मिळून एक धड कान आहे.

तुझ्या मशीनचा आवाज लावला. मी डोळे मिटले आणि तळहात पुढे केला. म्हणाले, "टिक आला की माझ्या हातावर चमच्याच्या दांड्याने टोक. धप मी माझा ऐकते."

धप. आणि हातावर: टुक, टुक.

धप. टुक, टुक.

"तू नक्की दोनदा टोकतेस ना? घाईने नाही ना?"

"दोनदाच येतोय, आई. एक धपाच्या आधी, एक नंतर."

मी अख्खी फाइल तशी ऐकली. तळहात लाल झाला. कितीतरी वर्षांनी बाबांच्या समोर बसल्यासारखं वाटलं, फक्त या वेळी चाक दुसऱ्या गावात फिरत होतं आणि हात माझा होता.

आता हे नीट वाच, पुन्हा सांगणार नाही. वहीत आहे म्हणून पुन्हा विचारूही नकोस. सुई एकदा खाली येते तेवढ्यात खालचा हुक दोनदा फिरतो. एका धपाला एक टिक असला, तर सुई हुकाला घासते. माझ्या तिसऱ्या टेपमध्ये तसं आहे, तिथे मी एकदाच "हा" म्हणते. एका धपाला दोन टिक म्हणजे सुईचा संबंध नाही, हुकाच्या प्रत्येक फेरीला काहीतरी लागतंय. हुकाच्या पोटात डबी असते, ती हुकाबरोबर फिरू नये म्हणून एक छोटं लोखंडी बोट तिला धरून ठेवतं. दोरा डबीला वळसा घालून त्या बोटाच्या आणि डबीच्या फटीतून निसटायला हवा. फट बारीक झाली की दोरा कधी निसटतो, कधी अडकतो आणि तुटतो. काळ्या मशीनचं तेच दुखणं होतं. म्हणूनच तिथे "हा-हा".

तुला फोन लावला. हे सगळं सांगण्याआधी दुसरं सांगायचं होतं, पण आधी तुझ्या जेवणाची चौकशी केली, मग पावसाची. शेवटी म्हणाले, "टिक आहे गं. मला ऐकू आला नाही. टूलला उगाच बोल लावला. मला बारीक आवाज येत नाहीत आता."

तू इतका वेळ गप्प होतीस की मला वाटलं तेही ऐकू येत नाहीये.

मग तू म्हणालीस, "आई, मला टिक पहिल्या दिवसापासून येत होता."

"मग?"

"तू नाही म्हणालीस. मग मी ऐकायचं बंद केलं."

तुझ्या वहिनीनेही हेच केलं. दोघींना चांगले कान आहेत आणि दोघी माझ्या कानाने ऐकत बसलात. माझ्यामुळे तुझे चार दिवस गेले, हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे मलाही नंतर नाही म्हणता येणार नाही. यापुढे मी नाही म्हणाले आणि तुला आहे वाटलं, तर आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज बाकीच्या टेपा लहान केल्या. या खेपेला टिकली कुठे ठेवायची ते सर्वसाधारण माणसाने ठरवलं नाही, टायपिस्टबाईंनी ठरवलं. सातवी लावून डावीकडून सुरुवात केली आणि टिक नीट ऐकू येईपर्यंत उजवीकडे सरकत गेल्या. मधोमधच्या जरा पुढे तो सापडला. "इथे आहे, पण पुसट," "इथे आला," असं म्हणत म्हणत. मी त्यांचा चेहरा बघत होते. बारीक आवाज येतो तेव्हा माणसाची भुवई जरा वर जाते, हे मला आजवर माहीत नव्हतं. ऐकताना मी स्वतः डोळे मिटून घ्यायचे ना.

एक गंमत झाली. अगदी डाव्या टोकाची, सगळ्यात लहान फाइल पुन्हा लावून बघितली. टिक नाही, घरघरही पाण्यात बुडाल्यासारखी, पण माझं "हा-हा" खणखणीत. टायपिस्टबाई म्हणाल्या, माणसाचा आवाज हे टूल शेवटपर्यंत सांभाळतं. म्हणजे टिक खाल्ला, पण तो कुठे होता याची खूण ठेवली. चोराला मी जरा जास्तच बोलले.

लहान केलेली सातवी टेप तुझ्याकडे पोचली असेल. मूळ एकोणीस टेपा दिवाणाखाली आहेत. त्या पाठवायच्या नाहीत. पाहिजेत तर इथे येऊन ऐकायच्या.

२२ ऑक्टोबर, बुधवार

कान दाखवून आले. काचेच्या कपाटात बसवलं, कानाला टोप्या लावल्या आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी प्रामाणिकपणे दाबत होते. मधे बराच वेळ काही वाजलंच नाही, तर मी बाहेरच्या बाईंना खूण केली, की तुमचं यंत्र बंद पडलंय. त्यांनी काचेतून मान हलवली. चालू होतं.

नंतर त्यांनी कागद दाखवला. मला अक्षर येत नाही, पण रेघ कळते. डावीकडून सरळ चालत आली आहे आणि मध्याच्या पुढे घसरगुंडी. मी विचारलं, "हे घसरलंय तिकडे टिक राहतो का?"

"टिक, चिमण्या, किटली," तुझी वहिनी म्हणाली. सगळी यादी तिने आधीच सांगितली होती वाटतं.

"आणि टिकली परत उजवीकडे सरकवता येते?" मी विचारलं. बाईंना कळलं नाही. वहिनीला कळलं. ती माझा हात धरून म्हणाली, "नाही आई. पण एक यंत्र मिळतं, जे उरलंय त्याला मोठं करतं."

मी बाईंना खूप प्रश्न विचारले. ते यंत्र काय मोठं करायचं ते कसं ठरवतं? त्याच्या आतला सर्वसाधारण माणूस कोण? माझ्यासाठी वेगळा बसवता येतो का? बाई म्हणाल्या, प्रत्येकाच्या रेघेप्रमाणे बसवतात. हे मला आवडलं. पुढच्या आठवड्यात मिळेल. किटली मात्र नवी आणू नका, जुनी चांगली आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी तुझा फोन आला. बोट सैल केलंस, दोरा आरामात निसटेल एवढी फट ठेवलीस, डबीच्या कडेला एक बारीक खरखर होती ती घासलीस. मग काल शेवटच्या पाळीपर्यंत मशीन चालवलीस. शर्टामागून शर्ट. दोरा एकदाही तुटला नाही. मुकादम आला, कोपऱ्यात उभा राहिला, आणि म्हणाला, "बाकीच्या एकशे नऊ सोमवारपासून बघायला लागा." तुझ्या आवाजात आज खालून थरथर नव्हती. ती जाडसर असते, मला अजून येते.

पुन्हा विचारलंस, "आई, तुला कसं कळलं की दोन टिक?" मी म्हणाले, वहिनीला विचार, तिच्याकडे चमचा आहे.

बरी झालेल्या मशीनचा आवाजही पाठवलास, तोही टूलमधून लहान करून. शहाणी झालीस. आम्ही दोघींनी लावला. टायपिस्टबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या, भुवई खाली ती खालीच. म्हणाल्या, "टिक नाही. एकदम निरोगी."

मला तर ती पहिल्या दिवसापासून निरोगीच वाटत होती.

ही पानं आता तुला पाठवायला हरकत नाही. पुढच्या महिन्यात चार दिवस काढून ये. टेपा तू ऐक आणि मी बघते. ज्या टेपांत मी "हा" म्हणायला विसरले आहे, तिथे तुझा "हा" भरून घेऊ. विसरण्याची खोड तुझ्यात कुठून आली, हे त्या निमित्ताने कळेल.

आणि तुझ्या गावच्या बसबरोबर खाऊ पाठवणार आहेस म्हणालीस. मऊ केक नको, मागचाच संपला नाही. भाजलेले शेंगदाणे पाठव, सालासकट, चांगले कडक. जोडीला दोनदा भाजलेले टोस्ट. माझे सोळा दात शाबूत आहेत. कडक काही चावलं की आवाज बाहेरून कानात यावा लागत नाही, जबड्यातून सरळ डोक्यात जातो, आणि तो अजून पूर्ण मापाचा येतो. डबा वाऱ्याने मऊ पडू देऊ नकोस. झाकण लाव. लावलंस का ते एकदा परत बघ.